शुगर तपासून झाली, पुढे काय?

नर्सिंग कॉलेजची मुलं वस्तीत येतात, टेबल मांडतात, बोटाला सुई टोचून आकडा कागदावर लिहून देतात. बॅनरसोबत फोटो निघतो. झालं शिबिर! मी स्वतः कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते, तरी स्पष्टच बोलते: ज्याला मधुमेह आहे हे आधीच ठाऊक आहे, त्याच्या हाती यातून फारसं काही लागत नाही. शुगर का चढली, हे बघायला कुणी थांबतच नाही.

आमची एक विद्यार्थिनी थांबली. रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाली, "काकू, रोज इन्सुलिन कसं घेता ते दाखवा ना." काकूंची सुई सवयीने बेंबीच्या उजवीकडे गेली. तिथे हात लावला तर रबरासारखी गाठ. "इथे दुखत नाही गं," काकू म्हणाल्या. रोज एकाच जागी टोचून झालेल्या अशा गाठीतून इन्सुलिन धड शोषलं जात नाही, शुगर वरखाली होत राहते आणि कागदावर डोस मात्र वाढत जातो. मुलीने लगेच जागा बदलायला लावली नाही, आधी डॉक्टरांशी बोलली. चांगल्या जागी तोच डोस जास्त पडून शुगर एकदम उतरू शकते ना!

हे टेबलावर बसून कळत नाही. त्याच घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मुळात मागच्या २-३ महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, तेव्हा निदान तेवढे दिवस तरी ओळख टिकायला हवी.

आणि "कळलं का?" हा प्रश्न बंद करा. त्यावर सगळेच "हो" म्हणतात. "शुगर ७० च्या खाली गेली तर काय कराल?" असं विचारा. १५ ग्रॅम साखर घ्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे माणसाच्या स्वतःच्या तोंडून यायला हवं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी जुन्या आजारांच्या पेशंटसाठी घडवलेल्या कार्यक्रमात ६ आठवडे, आठवड्याला अडीच तास गट जमतो, आणि गट चालवणाऱ्या दोघांपैकी निदान एकाला स्वतःला जुना आजार असतो. मला हे फार पटतं. वस्तीतल्या अनुभवी पेशंटला शिकवायला बसवा, आमच्या मुली शेजारी बसून शिकतील.

खरी गोची सेमिस्टरची आहे. बॅच बदलली की सगळ्या नोंदी जर्नलमध्ये बंद. वॉर्डात ड्यूटी संपताना आपण पेशंटचा हँडओव्हर देतो, मग वस्तीतल्या पेशंटचा का नाही? जुन्या बॅचने नव्या बॅचला घरी नेऊन ओळख करून द्यावी आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्यावर असावेत. तक्त्यांवरचे मार्क कमी केले तरी चालतील, ते तसेही आदल्या रात्रीच रंगवलेले असतात.