पाहुणा, पाक आणि शेपटीचं पीस

न्यू जर्सीत ऑक्टोबरची 15 तारीख उलटली की शहाणी माणसं हमिंगबर्डचे फीडर, म्हणजे त्या चिमुकल्या पाखरांना साखरेचा पाक पाजायची भांडी, धुऊन माळ्यावर टाकतात. उरतो ते आम्ही.

अमेरिकेच्या या पूर्व भागात घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, रूबी-थ्रोटेड. तो एव्हाना मेक्सिकोच्या वाटेला लागलेला असतो. नंतर जो येईल तो दुसऱ्या जातीचा: बहुधा पश्चिमेकडून वाट वाकडी करून आलेला रूफस; क्वचित ॲलन्स किंवा कॅलिओपी. ‘फीडर ठेवलात तर पाखरू जायचं विसरेल,’ असं शेजारी बजावतात. पण दिवस लहान झाले की ते आपणहून निघतं. गोडासाठी मुक्काम वाढवणारे पाहुणे वेगळे, ते दिवाळीत येतात.

पाक मात्र चुकवायचा नाही. 1 वाटी पांढरी साखर, 4 वाट्या पाणी. तार बघायची नाही, केशर-वेलची आठवायची नाही. गूळ नको, त्यातलं लोह त्यांना सोसत नाही. मध नको, त्यात बुरशी धरते. लाल रंगही नको, फीडरची फुलं लाल असली की पुरे. उन्हाळ्यात पाक दर एक-दोन दिवसांनी बदलायचा, थंडीत चार-पाच दिवसांनी. भोकांच्या कडेला काळं दिसलं की गरम पाणी आणि बारीक ब्रश. घरात इतकं घासून कुणी दुधाचं पातेलंही धूत नाही.

खरा छळ नोव्हेंबरात. पारा शून्याच्या एखाद-दोन अंश खाली गेला की पाक गोठतो. म्हणून फीडर दोन हवेत: एक रात्री घरात, एक उजाडण्याआधी बाहेर. थंड रात्री पाखरू अंगाची उष्णता उतरवून सुन्न बसतं. जागं झाल्यावर त्याला तातडीने साखर लागते. आपला चहा नंतर. फीडरखाली दिवा लावायचा तर एलईडी कामाचा नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. पाळीव सरड्यांसाठी मिळतो तो उष्णतेचा बल्ब घ्यावा.

एवढं करून पाहुणा आला, की ओळख पटवायची. कुशी तांबूस, शेपटीच्या बुडाशी तांबूस, पाठ हिरवी: म्हणजे रूफस किंवा ॲलन्स, मादी किंवा पिल्लू. पुढचा निकाल शेपटीत. मधल्या जोडीशेजारच्या पिसाला टोकाशी खाच असेल तर रूफसची बाजू बळकट. सगळ्यात बाहेरचं पीस फारच अरुंद असेल तर ॲलन्सची. त्यातही वय आणि नर-मादी आधी ठरवायला हवं. आणि शेपटी पसरते ती दुसऱ्या पाखराला हुसकताना किंवा आळस देताना, क्षणभर. कॅमेऱ्याचं शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवून शंभर फोटो काढावेत. नव्व्याण्णवांत फीडर सुरेख येतो.

पुण्याहून फोनवर मावशी म्हणते, ‘अगं, आमच्या जास्वंदीवर रोज येतो की हमिंगबर्ड!’ भारतात हमिंगबर्ड नाही. तो शिंजीर, बाकदार चोचीचा, बहुधा फांदीवर बसून मध पिणारा. हे मावशीला सांगू नये.

अखेर पाखरांच्या पायात ओळखीची कडी घालणारा परवानाधारक माणूस पिंजरा घेऊन येतो. फीडर पिंजऱ्यात टांगतो, पाखरू आत शिरतं, दार पडतं. मग पंख, चोच, शेपटीचं एकेक पीस मोजायचं, पायात कडी घालायची, वजन करायचं. साधारण साडेतीन ग्रॅम, पाच सेंटच्या नाण्याहून हलकं. सोडल्यावर ते बहुतेकदा थेट त्याच फीडरवर येतं. आम्ही तोवर नवा पाक उकळायला ठेवलेला असतो.