रुळाला खेटून फोटो का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुंबई-नाशिक रेल्वेमार्गावर कसाऱ्याच्या अलीकडे खर्डी-उंबरमाळी पट्टा आहे, तिथे मी काढलेल्या गाड्यांच्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गाडी फार लहान दिसते, मी रुळाजवळ जायला घाबरलो, इतक्या लांब जाऊन कसारा घाट न गाठणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता परतणं, आणि नेमकं लोकेशन न देणं हा शुद्ध कंजूषपणा.

रुळाजवळ भीती वाटते, आणि वाटायलाच हवी. पण फोटो तसा निघण्याचं कारण ते नाही. कारण आहे ऊन. हा मार्ग साधारण ईशान्येकडे जातो. सकाळी मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, रात्रभर धावलेल्या मेल-एक्सप्रेस आणि त्यात आपली पंचवटी. या सगळ्यांचं तोंड नैऋत्येला आणि सूर्य पाठीशी. रुळाला खेटून समोरून टिपलंत तर इंजिन काळंठिक्कर येतं. त्याच सुमाराला नाशिककडे निघालेली तपोवन एक्सप्रेस मात्र तोंडावर ऊन घेऊन येते. म्हणजे जास्त गाड्या ज्या दिशेने येतात, नेमकं त्याच दिशेला ऊन दगा देतं. यावर तोडगा एकच, रुळांच्या आग्नेयेला शेतात लांब सरकायचं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन डब्यांच्या अख्ख्या बाजूवर पडतं आणि तोंड सावलीत असलं तरी गाडी उठून दिसते. शिवाय जवळून ओव्हरहेड वायरचा प्रत्येक खांब डब्यांच्या आड येतो, त्याचं काय करायचं?

तुम्हाला जो फोटो ‘मुंग्यांच्या रांगेसारखा’ वाटला, तो निजामुद्दीन राजधानीचा आहे. २०१९ मध्ये ही गाडी सुरू झाल्यावर तिला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे इंजिनं लावायला लागले, म्हणजे कसाऱ्याला बँकर (घाट चढताना मागून ढकलणारी जादा इंजिनं) जोडायला थांबावं लागत नाही. मला ती दोन्ही इंजिनं एकाच चौकटीत हवी होती. जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीची गाडी रुळाशेजारी उभं राहून कशी मावणार? पुढचं इंजिन आणि मागे निमुळता होत गेलेला लाल पट्टा, एवढंच मिळालं असतं. तसले फोटो कोणाच्याही मोबाइलमध्ये पाच-पन्नास सापडतील.

आता घाट. कसारा ते इगतपुरी १:३७ चा चढ आहे, बँकर मागून रेटतात तो आवाज छातीत घुमतो, हे सगळं मान्य. पण घाटात रेल्वेच्या हद्दीबाहेर उभं राहायला जागा किती? एका बाजूला कातळ, दुसरीकडे दरी, मध्ये बोगदे. तुम्ही उदाहरण म्हणून दिलेला फोटो कटिंगच्या, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या रेल्वेवाटेच्या, आतला आहे, खडी पायाखाली दिसते आहे. तिथे विनापरवाना जाणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा इंजिनात बसलेल्या माणसाचा विचार जास्त येतो. रुळाजवळचा माणूस फोटो काढायला आलाय की जीव द्यायला, हे लोको पायलटला लांबून कसं कळावं? तो हॉर्न वाजवत राहतो, वेळ आली तर ब्रेक मारतो. त्या चढावर थांबलेली जड मालगाडी पुन्हा हलवणं हा काय प्रकार असतो ते एखाद्या लोको पायलटलाच विचारा. (आणि आपण लोक वर ‘काय मस्त हॉर्न दिला’ म्हणून व्हिडिओ टाकतो!)

राहिलं लोकेशन. ती जागा माझी नाही, म्हणून पिन देत नाही. फोटोत जे ओसाड रान वाटतं, ते कुणाचं तरी भातखाचर आहे. कापणी झाली तरी ते रिकामं नसतं. जमिनीतल्या ओलीवर वाल, हरभरा टाकलेला असतो. अंकुर इतके बारीक असतात की शहरातल्या डोळ्याला ते गवतच वाटतं. तिथे गवताचा भारा घेऊन निघालेल्या मावशी मला एवढंच म्हणाल्या, “फोटो काढा दादा, पण बांधाच्या कडेवर पाय नका देऊ, ढासळतो.” बांध ढासळला की पावसाळ्यात खाचरात पाणी ठरत नाही, आणि पाणी ठरलं नाही तर लावणी कसली? मी एकटा गेलो तर त्या मावशी सांभाळून घेतात. पिन टाकली तर रविवारी ट्रायपॉड घेऊन वीस जण येतील, आणि बांध कोण बांधून देणार, तुम्ही की मी?

मात्र यायचं असेल तर मी अडवत नाही. सकाळची कसारा लोकल पकडा, खर्डीला उतरा, रूळ डावीकडे ठेवून गावरस्त्याने चालत राहा आणि दिसेल त्याला विचारून शेतात शिरा. जागा आपोआप सापडते. २०० मिमीच्या आसपासची लेन्स असू द्या. लांबून ती लावली की चढसुद्धा चढासारखा दिसतो, जवळून तो सपाट वाटतो. पाणी मात्र घरूनच आणा, वाटेत दुकान नाही.