सत्कारासाठी श्रावणबाळ कसा निवडावा

आपल्या मंडळाला, शाळेला किंवा वॉर्डातल्या भावी नगरसेवकाला आजारी आईबापाची सेवा करणाऱ्या मुलाचा जाहीर सत्कार करायची हुक्की आली, तर पुढच्या सूचना जरूर पाळाव्यात. गेल्या रविवारी आमच्या भागात असाच एक नेत्रदीपक सोहळा झाला. मी पहिल्या रांगेत होते, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

पहिलं म्हणजे मुलगाच निवडावा. मुलगी आईचं करते, त्यात काय बातमी? आमच्या सत्कारमूर्तीला, नववीतल्या पोराला, शाल मिळाली. त्याची सातवीतली बहीण घरी होती, कारण बाप वॉचमनच्या बारा तासांच्या ड्यूटीवर आणि आईला एकटं ठेवता येत नाही. पक्षाघातानंतर तिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी बघावी लागते. हे त्या दिवशी बहीणच करत होती. तिचं नाव मात्र माइकवर कुणी घेतलं नाही. बॅनरवर एकाच फोटोची जागा होती म्हणे.

मुलाला दहाला बोलवावं, साहेबांना बाराला आणावं.

भाषणात श्रावणबाळ आलाच पाहिजे. तहानलेल्या आईबापासाठी पाणी आणायला गेलेल्या त्या पोराचं पुढे काय झालं, ते सांगू नये. सरकारनेही त्याच्या नावाने योजना काढली आहे. तिचे पैसे पासष्टीच्या पुढच्या निराधारांना मिळतात, मिळायलाच हवेत. श्रावणबाळाकडून फक्त नाव घेतलंय.

मग मुलाच्या तोंडापुढे माइक धरावा आणि विचारावं, "आईचं सगळं सगळं तूच करतोस ना, बाळा?" आमच्याकडे विचारलं. पोराने मान खाली घातली. "सगळं म्हणजे काय काय? लाजू नकोस, सांग सगळ्यांना!" समोर त्याच्याच वर्गातली मुलं बसली होती. त्यातली दोघं फिसकन हसली. अहो, त्याची आई काय गणपतीतला देखावा आहे का? ती बाई अंथरुणावर आहे, पण तिला सगळं कळतं. आपलं अंग पुसणाऱ्या लेकाला लाउडस्पीकरवर हे विचारलेलं तिला घरात ऐकू गेलं असेल. आमचं मैदान काही लांब नाही. आणि सोमवारी शाळेत त्या पोराला काय काय ऐकावं लागेल, हे त्या माइकवाल्याच्या डोक्यात कसं येत नाही?

असो. सूचना पुढे चालू.

सत्कारात शाळेने पुढे असावं. एरवी तोच मुलगा आईचं आवरून उशिरा आला, की वर्गाबाहेर उभा करावा आणि हजेरी अशीच राहिली तर दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भर, असं सुचवावं.

दवाखान्यात "मोठं कुणी आहे का बरोबर?" असं विचारावं. नाही म्हटलं, की औषधांची चिठ्ठी त्याच्याच हातात द्यावी.

कुणी कायद्याचं काढलंच तर घाबरू नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे. पगार असो-नसो, घरची माणसं तीत येतात. ते माणूस बारा वर्षांचं असलं तर काय, हे विचारायचं नाही. २०११च्या जनगणनेत आपण २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले. त्यांना उचलून संडासापर्यंत नेतं कोण, हा रकाना नव्हता. तिकडे इंग्लंडमध्ये घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्या मुलांना काय हवं-नको ते तपासणं २०१४च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर बंधनकारक केलं. आपल्याला काय गरज? आपल्याकडे संस्कार आहेत ना!

बास झालं. चौदा वर्षांच्या पोराची कंबर आत्तापासून दुखते. बहीण शाळेच्या सहलीला गेली नाही, आणि का आली नाहीस, हे बाईंनी विचारलंही नाही. जिन्यात भेटली की आपण "गुणाची गं बाई" म्हणतो आणि दार लावून घेतो. त्या गुणांचं काय लोणचं घालायचंय तिने? लाज वाटू द्या जरा. तो फ्रेम केलेला मानपत्राचा फळा त्यांच्या खोलीत पलंगामागे उभा करून ठेवलाय, कारण भिंतीवर जागा नाही. त्यापेक्षा हवेची गादी आणली असती तर त्या बाईची पाठ वाचली असती. डीजेला पैसे निघतात ना वर्गणीतून? त्यातूनच काढा. रोज दुपारी दोन तास आईजवळ बसायला बाई लावा. पोरगा उशिरा आला तर गुपचूप वर्गात घ्या. आणि गादी द्यायला जाल तेव्हा फोटोग्राफर नेऊ नका.