चौरसानंतरचा चेहरा

आयुष्यभर अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू वा माणूस नसलेली, चित्रे काढणारा चित्रकार उतारवयात माणसांचे चेहरे रंगवू लागला की त्याच्याविषयी साधारण दोनच मते कानावर येतात. अमूर्त चित्रकला ज्यांना कधीच पटली नव्हती, ते म्हणतात, ‘चला, गडी शेवटी ताळ्यावर आला.’ ज्यांनी त्याला अमूर्ताचा अध्वर्यू मानले होते, ते म्हाताऱ्याने कच खाल्ली म्हणून हळहळतात. मला दोन्ही मतांत एकच खोट दिसते. दोन्ही बाजू चित्रकाराच्या निष्ठेचा हिशेब मांडत बसतात आणि समोरचे चित्र पाहायचे राहूनच जाते.

रशियन चित्रकार काझिमिर मालेविचचेच पाहा. डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) ‘०.१०’ या प्रदर्शनात त्याने आपला ‘काळा चौरस’, म्हणजे पांढऱ्यावर नुसता एक काळा चौरस असलेले चित्र, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे रशियन घरांत जिथे देवाची तसबीर लावण्याची रीत होती नेमका तिथे, टांगला. चित्रातून वस्तू हद्दपार झाली, असे त्याला त्यातून ठासून सांगायचे होते. त्याच मालेविचने १९३३ साली केलेले आत्मचित्र पहिल्यांदा पाहणारा चक्रावतोच. अंगात इटालियन प्रबोधनकाळातल्या सरदाराला शोभेल असा पोशाख आहे, डोक्यावर टोपी आहे, नजर प्रेक्षकाला टाळून बाजूला गेली आहे आणि चेहऱ्यावर छायाप्रकाशाचे अगदी रीतसर काम आहे. पण नजर चेहऱ्यावरून खाली उतरली की चित्राची भाषा बदलते. लाल, काळा, पांढरा, हिरवा हे पोशाखातले रंग चुण्यांच्या भानगडीत फारसे न पडता पट्ट्यापट्ट्यांनी उभे राहतात. मागे खोली नाही, देखावा नाही, नुसता फिकट रंग आहे. छातीसमोर उघडा धरलेला पंजा, त्याची जुळलेली बोटे आणि वेगळा काढलेला अंगठा यांच्यामध्ये जणू काहीतरी धरलेले आहे, पण ते रंगवलेले नाही. आणि खालच्या कोपऱ्यात, सही असायची तिथे, एक इवलासा काळा चौरस आहे.

इथे दडपणाचा मुद्दा निघणारच, आणि तो खराच आहे. १९३० मध्ये मालेविचला अटक होऊन त्याची चौकशी झाली होती, सोव्हिएत सत्तेच्या १९३२ च्या फर्मानाने कलावंतांचे सगळे स्वतंत्र गट बरखास्त झाले होते आणि समाजवादी वास्तववाद ही सरकारमान्य शैली ठरत होती. पण सरकारला हवा होता हसतमुख, कष्टकरी, उद्याकडे पाहणारा नवा माणूस. मालेविचने हातात ठेवला जुन्या काळातला सरदार, तोही स्वतःच्याच चेहऱ्याचा. याला शरणागती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या आधीच्या काही वर्षांतले त्याचे शेतकरी आठवा, ज्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा लंबगोल आहे. सामूहिकीकरणाने, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने सामुदायिक शेतीत ओढल्याने, खेडी उद्ध्वस्त होत असतानाच्या काळातली ती चित्रे आहेत. त्या कोऱ्या जागेत पुन्हा डोळे-नाक-ओठ भरणे हा, माझ्या मते, अमूर्ताच्या आतूनच घेतलेला निर्णय आहे. (त्याची शेवटची सगळीच व्यक्तिचित्रे या तोडीची आहेत असे मी म्हणणार नाही, काही चक्क ताठर आणि बेचव आहेत.) १९३५ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या उशाशी भिंतीवर काळा चौरसच होता.

दडपणाचा मुद्दा बाजूला ठेवून पाहायचे असेल, तर अमेरिकेतला फिलिप गस्टन आहे. त्याच्यावर कोणतीही सत्ता डोळे वटारून बसलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या अमूर्तवाद्यांत त्याचे नाव पक्के झालेले असताना १९७० साली त्याने मार्लबरो गॅलरीत बुरखेधारी, व्यंगचित्रांसारखी माणसे मांडली. शुद्धतेचा आपल्याला वीट आला आहे, आपल्याला गोष्टी सांगायच्या आहेत, असे तो उघड म्हणत होता. समीक्षकांनी त्याला सोलून काढले आणि मॉर्टन फेल्डमनसारखा जिवलग संगीतकार मित्र दुरावला. १९७३ च्या ‘रंगवणे, धूम्रपान, खाणे’ या चित्रात तो पलंगावर पडलेला आहे: डोके म्हणजे एक भलामोठा डोळा, तोंडात सिगारेट, अंगावर खाण्याची ताटली आणि मागे बुटांचा ढीग. चेहरेपट्टी म्हणावी असे त्यात जवळपास काहीच नाही, तरी मी ते आत्मचित्रच मानतो. त्यातला गुलाबी आणि लाल रंग तर त्याच्या १९५० च्या दशकातल्या अमूर्त चित्रांतूनच सरळ चालत आला आहे.

म्हणून अशा व्यक्तिचित्रात साम्य कितपत साधले, हे मी शेवटी पाहतो. आधी मी कडा पाहतो. गाल संपून पार्श्वभूमी जिथे सुरू होते, तिथे साम्याच्या मागे लागलेला चित्रकार बहुधा पार्श्वभूमीला गप्प बसवतो. अनेक वर्षे नुसत्या रंगाशी झुंजलेल्या माणसाला ते जमत नाही, कारण त्याच्या लेखी कानामागचा रिकामा पट्टा कानाइतकाच महत्त्वाचा असतो. समोर बसलेला माणूस मात्र त्याला हवे ते करू देत नाही. अमूर्त चित्रात एखादा आकार दोन बोटे सरकवला तरी तक्रार करणारा कोणी नसतो. इथे डोळा तेवढाच सरकला की तो दुसऱ्याच कोणाचा तरी होतो.

आणि हा रस्ता एकेरीही नाही. अमेरिकन चित्रकार रिचर्ड डिबेनकॉर्न १९५५ च्या सुमाराला, ऐन भरात असताना, अमूर्त चित्रे सोडून माणसांकडे वळला आणि १९६७ मध्ये ‘ओशन पार्क’ या मालिकेपासून पुन्हा अमूर्ताकडे गेला. त्या मालिकेतले सपाट पट्टे, आडव्या-उभ्या रेषा आणि खालून डोकावणारे खोडलेले थर, हे सगळे मला त्याच्या सज्जात नि खिडकीशी बसलेल्या बायकांच्या चित्रांत आधीच दिसते. फक्त तिथे त्यांच्यामध्ये एक बाई बसलेली आहे.