पातेल्यातली परीक्षा

तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला, तेव्हा मी आधी तमाम गाडीमालकांचा आद्य उपाय केला : काचेवर टिचकी मारली. काट्यानं दाद दिली नाही.

"अहो, तो वर चाललाय."

"दिसतंय मला," असं म्हणून मी हीटर पूर्ण सोडला. इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते, हे खरं आहे. फक्त ती पडते ती आपल्या अंगावर. भर उन्हात काचा खाली आणि हीटर चालू, अशी आमची वरात कडेला येऊन थांबली. बॉनेट उघडताच माणसं जमली. एकानं पाणी संपल्याचं निदान केलं, दुसऱ्यानं पंखा गेल्याचं. तिसरा "हेड गॅस्केट" (म्हणजे इंजिनच्या माथ्याखालचं सील) एवढंच म्हणाला, पण अशा सुरात, की टोपी असती तर मी काढली असती. चौथा थेट रेडिएटरच्या झाकणालाच हात घालत होता. त्याला मी ओरडून मागे ओढलं. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडलं की आतलं दाबाखालचं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचे होज, म्हणजे रबरी नळ्या, चाचपले. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, भरलेलं, गळती नाही. काटा चढत गेला, वरचा होज चटका देईल इतका तापला आणि खालचा गारेगार. म्हणजे थर्मोस्टॅटचं दार बंद! या दाराचा द्वारपाल म्हणजे मेणाची एक गोळी. मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. "काढूनच टाका ना तो," असाही सल्ला मिळाला. तसं केलं तर इंजिन धड तापतच नाही आणि पेट्रोल मात्र जास्त पितं.

कूलंट बादलीत काढलं. थर्मोस्टॅटच्या घराला बोल्ट दोनच, 10 नंबरचे. वरचा एका मिनिटात सुटला. खालचा बसवणाऱ्याचं मनगट कसं वळत असेल, याचा विचार मी अजून करतो आहे.

मग परीक्षा. दोन्ही थर्मोस्टॅट, जुना आणि नवा, दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात लटकवले. दोघांवरही 82 चा आकडा कोरलेला. थर्मामीटर 82 वर आला, नव्याची झडप किंचित हलली. 95 ला ती आ वासून उघडी. पाणी उकळायला लागलं तरी जुना ढिम्म.

"तुमच्यासारखाच आहे," मागून आवाज आला. "कितीही तापवा, हलायचं नाव नाही. आणि ते पातेलं आता घरात आणू नका." यावर वाद नव्हता. कूलंट विषारी असतं. पातेल्याची बदली कायमची गॅरेजात झाली.

जुनं गॅस्केट खरवडून, स्प्रिंग इंजिनच्या बाजूला आणि हवा सुटायचं बारीक भोक वर ठेवून नवा बसवला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं. गाडी सुरू केली. काटा पुन्हा वर! हीटरमधून मात्र गार वारा. छातीत धस्स झालं, मग लक्षात आलं : आत हवा अडकलीये. इंजिन पूर्ण निवू दिलं, गाडीचं नाक उतारावर वर करून झाकण उघडं ठेवलं आणि पुन्हा सुरू केलं. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली की मी भरत राहिलो. अर्ध्या तासानं बुडबुडे थांबले.

आता काटा बरोबर मध्यावर असतो. मी तो दर दहा सेकंदांनी तपासतो.

"अहो," शेजारून आवाज येतो, "रस्ता समोर आहे."