‘विषय लहान आहे’ म्हणून पोरीचा कागद परत

डोकं सणकलंय, म्हणून लिहितेय. भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अर्थशास्त्र घेऊन. संशोधन प्रकल्पाला तिनं विषय नेला होता: आपल्या कोल्हापूरकडचा शेतकरी ऊस कारखान्याला घालायचा की गुऱ्हाळाला, हे कशावर ठरवतो? सरांनी आज कागद परत दिला. विषय लहान आहे, जीएसटीचा भारतीय अर्थव्यवस्थेवर परिणाम घे म्हणाले.

अहो, तो परिणाम ह्या पोरीनं चार महिन्यांत कुठनं मोजायचा? मग पोरं झेरॉक्सच्या दुकानात जातात, गेल्या वर्षीची फाईल आणतात, नाव बदलून स्पायरल मारून देतात. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

ही पोरगी गुऱ्हाळावर जाऊन बसली होती. एका आदणाला, म्हणजे रसाच्या एका कढईला, जळण किती, माणसं किती, सगळं गूळ करणाऱ्या गुळव्याला विचारून वहीत उतरवलं. एका शेतकऱ्याची अडत दुकानातली पट्टी, म्हणजे गूळविक्रीच्या हिशोबाचा कागद, बघून आली. गुळाचे रवे (ढेपा), वजन, दर, खाली हमाली-तोलाई वजा. मला म्हणते, "मावशी, मी विचारलो की सगळ्यांना. दर किती ह्यापेक्षा पैसे कधी हातात पडणार, त्याच्यावर ठरतंय लोकांचं." एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायची सरकारनं ठरवलेली किमान किंमत, १४ दिवसांत द्यायची हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. मग उशिरा येणाऱ्या पैशाची किंमत शेतकरी किती धरतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न नव्हे तर कशाचा?

बरं, दहा-वीस गुऱ्हाळांवरून जिल्ह्याचा निष्कर्ष निघत नाही, मान्य. नाही काढायचा. शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या एकाच गावाचा अभ्यास छापला, तो अजून अभ्यासतात. आणि शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारावर नावारूपाला आली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. इथल्या कॉलेजात गूळ लहान?

तिच्या वहीत मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. चालू गुऱ्हाळवाल्यांनाच विचारलं तर टिकलेल्यांचंच ऐकायला मिळणार, म्हणून तिनं बंद पडलेल्या गुऱ्हाळांची वेगळी यादी करायला घेतली होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वाचताना भरून आलं मला.

सरांचंही कळतं हो. वर्गभर पोरांचे प्रकल्प एकट्यानं बघायचे, देशपातळीवरचे आकडे तयार मिळतात, तपासायला सोपं जातं. पण मग निदान हंगाम तरी बघा! विषय ठरतात दिवाळीनंतर आणि फाईल मागतात मार्चला. गुऱ्हाळं दसरा-दिवाळीलाच पेटतात. प्रश्न, यादी, प्रश्नावली हे पावसाळ्यातच झालं पाहिजे, दोन-चार जणांना विचारून प्रश्नावली दुरुस्त झाली पाहिजे. म्हणजे दिवाळी पाडव्याच्या गुळाच्या सौद्याला पोरं मार्केट यार्डात उभी राहतील.

उद्या मी तिच्याबरोबर सरांना भेटणार आहे. विषय बदलू देणार नाही. करवीर, पन्हाळा भागात कुणाच्या ओळखीत बंद पडलेलं गुऱ्हाळ असेल, कुणी जुन्या पट्ट्या जपून ठेवल्या असतील, तर मला मेसेज करा. कुणाचंही नाव प्रकल्पात येणार नाही. पोरगी घरी येऊन बोलेल, चहाचीही अपेक्षा नाही.