गायब झाला म्हणून कमजोर ठरत नाही

"जीवाणूचा जीनोम वाचला की तो शरीरात कशाच्या जोरावर तगतो ते कळतं. जे जनुक मोडल्यावर तो संसर्गात दिसेनासा होतो, तेच औषधाचं निशाण." अशा आशयाचा मजकूर बराच फिरतोय. वाक्यं दोनच, पण घोटाळे त्याहून जास्त.

क्षयाच्या जीवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, १९९८ मध्ये वाचून झाला. सुमारे ४४ लाख अक्षरं, ४,००० च्या आसपास जनुकं. पण ही झाली नुसती यादी. फुप्फुसात त्यातलं कोणतं अडीनडीला लागतं, ते जनुकं मोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी ट्रान्सपोझॉन, म्हणजे डीएनएचा उड्या मारणारा तुकडा, वापरतात. तो जिथे घुसतो ते जनुक बहुधा निकामी होतं. असे जनुक मोडलेले हजारो जीवाणू, म्हणजे म्युटंट, एकत्र उंदराला टोचायचे आणि टोचण्याआधी कोण किती होता, नंतर किती उरला, हे सीक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनए वाचून, मोजायचं. या पद्धतीचं टीएन-सेक हे नाव २००९ मध्ये न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जीवाणूवरच्या कामातून आलं. इथे सीक्वेन्सर वाचन कमी आणि शिरगणती जास्त करतो!

आता 'दिसेनासा होतो' याबद्दल. खरी मेख इथेच आहे. समजा, ५०,००० म्युटंट टोचले, पण प्लीहेत पोचून वाढले जेमतेम २०० जीवाणू. बाकीचे बहुतेक म्युटंट गणतीतून गेले ते जनुकापायी नव्हे, वाटेतच गळाले म्हणून. दुसऱ्या उंदरात भलतेच २०० सापडतील. म्हणून एकाच जनुकात निरनिराळ्या जागी मोडलेले अनेक म्युटंट पाहतात. ते सगळे, उंदरामागून उंदरात घटले, तरच बोट जनुकाकडे. नुसते वेगवेगळे बारकोड, म्हणजे डीएनएच्या ओळखखुणा, लावलेले, एरवी एकसारखे जीवाणू सोडूनही ही गळती अजमावता येते.

उलट, घटला नाही म्हणून जनुक बिनकामाचं, हेही खोटं. विष बाहेर सोडणारं जनुक मोडलेला म्युटंट शेजाऱ्यांनी सोडलेल्या विषावर आयता जगतो.

राहिलं औषधाचं निशाण. म्युटंट आधी प्रयोगशाळेत वाढवावे लागतात, त्यामुळे तिथेही ज्यांच्यावाचून चालत नाही ती जनुकं या गणतीत येतच नाहीत. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्याचं जनुक आरपीओबी. ते मोडलेला म्युटंट उंदरापर्यंत पोचतच नाही.